बिनखळीची लडी

रवळूने भिरकावलेलं दोरीचं गुंडाळं थेट जयाबाईच्या पायाशी येऊन पडलं.

"ह्यां बघा तुमचां सूत!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "दोन म्हयन्यांत कुजलां! होडीच्या कडेपर्यंत ओढली तांबोशी, ही एवढी! हात घालूक गेलंय तर फाटकन दोरी तुटली. गळ गेलो, मासो गेलो, आणि बाजूच्या होडीतले माका हसले!"

रवळू वेंगुर्ल्याचा. छोट्या होडीतून खडकांच्या कडेकडेने गळ टाकून मासे धरायचा, आणि सुकी मासळी घेऊन आंबोली घाटाच्या मोटारीने शनिवारी बेळगावच्या बाजाराला यायचा. घरी वळलेली तागाची दोरी त्याला नकोशी झाली होती. जाड दोरी निवळ पाण्यात माशाला दिसते आणि मासा तोंड फिरवून जातो, हे त्याचं गाऱ्हाणं. म्हणून दिवाळीनंतर तो बेळगावातल्याच शहापूरच्या विणकर गल्लीत तम्मण्णाचं घर विचारत आला होता. बारीक आणि चिवट दोरी हवी, तर तम्मण्णाकडे जा, असं त्याला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. तम्मण्णाकडे म्हणे! तम्मण्णा साड्या विणायचा. रहाटावर सूत पिळायची ती त्याची बायको, जयाबाई.

आता तम्मण्णा मागाच्या खड्ड्यातून वर आला. कुजलेली दोरी त्याने हातातसुद्धा घेतली नाही.

"पीळ सैल पडला असंल," तो म्हणाला. "बायकांचा हात! किती येळा सांगितलं हिला, गप्पा मारत रहाट फिरवू नगंस. रवळू, तुम्ही मनाला लावून घेऊ नगासा. आन् तू गं, उद्यापासनं सुताला हात लावायचा न्हाय. रहाट माळ्यावर टाकतो!"

हे सगळं एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातला मारुतीरावांचा माग थांबला. शेजारची अंबुबाई सूप हातात घेऊन दारात आली. याच अंबुबाईच्या घरचं सूत पिळायला जयाबाईकडे यायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांचं यायचं. रहाट तिने माहेराहून आणलेला, आईच्या हाताने गुळगुळीत झालेला. तो माळ्यावर गेला की या घरात तिने भाकऱ्या थापायच्या आणि नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या नळ्या भरायच्या, एवढंच उरणार होतं.

जयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि का जाऊ नये? दिवाळीनंतरचा तो दिवस तिला लख्ख आठवत होता.

त्या दिवशी तिने नऊ पदरांच्या दोन लड्या पिळून ठेवल्या होत्या. एक तशीच कोरी, मळकट, बोटांना खरखरीत. दुसरीला तम्मण्णाने हौसेने ज्वारीच्या पिठाची खळ लावली, कुंचा मारला, उन्हात ताठ वाळवली. साडीच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, लावतात तशी. लडी आरशासारखी चकाकत होती. रवळूने दोन्ही लड्या हातात घेतल्या तेव्हा जयाबाई चुलीपासून म्हणाली होती, "चकचकीत नेऊ नगासा. खळीचं सूत खाऱ्या पाण्यात टिकत न्हाय. लोणच्याच्या बरणीला दोरीनं दादरा बांधते मी. खार वर आला की खळीची दोरी म्हैन्यात बुळबुळीत हुती आन् तुटती. कोरी दोरी वरीसभर हालत न्हाय."

दोघं पुरुष केवढे हसले होते! "अगं, समिंदर म्हंजे तुझी लोणच्याची बरणी व्हय?" तम्मण्णा म्हणाला. "वयनींनी दर्या बघितलो तरी आसा काय कधी?" रवळू म्हणाला, आणि चकाकणारी लडी पिशवीत टाकून गेला. ती कोरी लडी उचलून ट्रंकेत ठेवत होती, तरी यांचं हसणं चाललंच होतं. समुद्र तिने बघितला नव्हता, हे खरं. पण मीठ बघितलं होतं ना! जन्मभर त्यातच तिचे हात होते.

आणि आज तेच दोघं तिच्या पिळाला नावं ठेवत होते.

तिने खाली वाकून तुटकं टोक उचललं, हुंगलं, आणि सरळ रवळूच्या नाकाखाली धरलं.

"वास घ्या."

रवळूने तोंड वाकडं केलं. "आंबटाण येता."

"आंबील चार दिस तशीच ऱ्हायली की असाच वास सुटतो. ही खळ हाय, सूत न्हवं. कुजू नये म्हणून ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळलं हुतं का?"

"म्हणजे? सालीत उकळल्याशिवाय दोरी पाण्यात कोण टाकता? दोन खेपे उकळलंय!"

"मग बघा तर."

तिने तुटक्या टोकापासून वीतभर वर, जिथे दोरी धड होती तिथे पीळ सोडायला घेतला. सैल म्हणे! नखाने सुटेना, दातात धरून उलटा फिरवावा लागला. पदर एकेक वेगळे झाले, आणि तिने ते तळहातावर पसरले. दोरी बाहेरून तपकिरी होती. आतले पदर पांढरेफटक होते, आणि त्यावर काळे ठिपके धरले होते.

"सालीचा रंग वरच ऱ्हायला. खळीनं आत शिरूच दिला न्हाय. पाण्यात खळ सुटली, आंबली, आन् आतनं सूत खाल्लं. आता सांगा, कुणाचा हात सैल?"

अंबुबाईने दारातूनच "बाई गं!" केलं. रवळूने एक पदर उचलून नखाने खरवडून पाहिला. मासा गेल्याचा राग आता कुणावर काढावा, हे त्याला कळेना. जयाबाईने ट्रंकेतून कोरी लडी आणली. रवळूने ती तळहाताला दोन वेढे घेऊन हिसकली, दातांनी चावली, भिंतीच्या खुंटीला अडकवून अंगाचा भार टाकून ओढली. खुंटी कुरकुरली. मग त्याचा चेहरा उजळला आणि तो वळला, तो तम्मण्णाकडे.

"तम्मण्णा, हीच द्या माका. तुमच्यासारखां सूत दुसरीकडे गावाचां नाय."

"न्या की," तम्मण्णा हसून म्हणाला. "आमचं कामच तसलं!"

जयाबाईने लडी रवळूच्या हातातून खसकन ओढून घेतली.

"आमचं? मघाशी कुजली तवा माझी, आन् आता चांगली निघाली तवा तुमची व्हय? रवळूदादा, मघाशी किती मोठ्यानं बोललासा? तेवढ्याच मोठ्यानं आता खरं काय ते बोला, मग लडी मिळंल. न्हाईतर तागाची वळत बसा."

रवळूला एका होडीतून दुसऱ्या होडीत हाका घालायची सवय. तो जरा घुटमळला, मग गल्लीत उतरून ओरडला, "सूत वयनीचां झक्क! चूक माझी! चकचकीत बघून भुललंय!"

तिने लडी दिली. तो मान खाली घालून बाजाराकडे निघून गेला.

तम्मण्णाने पाटावर बसकण मारली. "झालं न्हवं आता? वाढ जेवायला."

ती रहाटापुढे बसली होती. चाक हातात धरलेलं, पण फिरवत नव्हती.

"अगं, म्हणतो की. खळ मी लावली. पीळ तुझा बरोबर हुता."

"ऐकू आलं न्हाय."

"एवढं घर, आन् ऐकू आलं न्हाय?"

"मला आलं. गल्लीला आलं न्हाय. मघाशी गल्लीला ऐकू गेलतं."

तम्मण्णाने चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली होती, परातीत पीठसुद्धा नव्हतं. त्याने रहाटाकडे पाहिलं, मग माळ्याकडे. शेवटी तो उठला, उंबऱ्यात जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "खळ मी लावलीती."

समोरून मारुतीरावांनी मागातून डोकं वर काढलं. "काय म्हणालास रं? माग चालू हुता."

तम्मण्णाने मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे अजून पेटलेलेच होते.

"सांगा की," ती म्हणाली. "माग थांबलाय त्यांचा."

त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. जयाबाईने तसल्याच रागाने रहाट फिरवला आणि अंबुबाईच्या सुताचा पहिला पदर हातात घेतला.