फ्तू, फ्तू, फ्तू

फोतिनीने चिमट्याने मांस उचलून पिटा रोटीत भरलं, वर कांदा आणि दही-काकडीचं त्झात्झिकी घातलं आणि कागद गुंडाळता गुंडाळताच पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तिखट चालेल?" नजर मात्र दारापाशी होती. बेसबॉलच्या मैदानाच्या कचेरीतल्या मिसेस हॅलोरन तिथे उभ्या राहून रांग कशी सरकते ते बघत होत्या.

मॅचला अजून अवकाश होता आणि टीमच्या टोप्या घातलेली माणसं फुटपाथपर्यंत पोचली होती. आज सगळं सुरळीत पार पडलं तर मैदानाच्या आत एक गाळा मिळणार होता. गेला सबंध हंगाम फोतिनी त्या गाळ्याच्या मागे होती. म्हणूनच तिने सकाळीच बाबांना कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसवून पुढ्यात काटे-चमचे आणि नॅपकिनांचा ढीग ठेवला होता.

"हे गुंडाळत बसा. उठू नका. गिऱ्हाइकांशी बोलू नका."

"तोंडाला पट्टीच बांध ना," बाबा, म्हणजे लेफ्तेरिस, म्हणाले होते.

या जागी पूर्वी त्यांचंच ग्रीक हॉटेल होतं. तेव्हा टेबलांवर पांढरे टेबलक्लॉथ असत आणि माणसं निवांत बसून जेवत. ते सगळं काढून फोतिनीने काउंटर टाकला, तेव्हापासून बाबांच्या तोंडून दुकानाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. "हॉटेल आहे की पोस्टाची खिडकी?" हे मात्र रोज ठरलेलं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

रांगेत एक तरुण जोडपं होतं. बापाच्या कडेवर गुबगुबीत बाळ, टोपी पार कानांवर आलेली. बाबा खुर्चीतून उठताना फोतिनीला दिसले, पण तिचे दोन्ही हात कामात अडकले होते.

"काय देखणं पोर आहे हो," लेफ्तेरिस बाळापाशी वाकून म्हणाले. "फ्तू, फ्तू, फ्तू."

रांग जागच्या जागी थांबली.

"तुम्ही माझ्या मुलावर थुंकलात?" बाळाच्या बापाने विचारलं.

"थुंकलो कुठे? नुसता आवाज केला. कौतुक केलं की..."

"लांब व्हा."

जोडपं तरातरा निघून गेलं. त्यांच्यामागून आणखी काहीजण बाहेर पडले. मिसेस हॅलोरन काउंटरपाशी आल्या.

"जेवण उत्तम आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण आत असलं काही झालं तर आम्हाला निस्तरता येणार नाही. या वर्षी राहू दे."

फोतिनीने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तिखट चालेल?" राहिलेली रांग तिने दात-ओठ खात संपवली. मैदानातून राष्ट्रगीत ऐकू आलं, रस्ता रिकामा झाला, तेव्हा तिने चिमटा आपटला.

"एक दिवस, बाबा. एकच दिवस गप्प बसायला सांगितलं होतं."

"पोर गोड होतं. तोंडभरून कौतुक करायचं आणि फ्तू न करता तसंच सोडून द्यायचं? दृष्ट लागते."

"इथे अमेरिकेत दृष्ट कोणाला कळते? तुमच्या त्या फ्तूपायी माझा गाळा गेला."

"पुढच्या वर्षी मिळेल."

"परक्याच्या पोराचं एवढं कौतुक. आणि माझ्या दुकानाला..." तिने वाक्य तिथेच सोडून फडकं उचललं. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही तिला संताप येत होता.

बाबांकडे पाठ करून ती काउंटर पुसू लागली. सांडलेला कांदा गोळा केला, भांड्यांवर झाकणं घातली, काच लख्ख केली. मैदानात कोणीतरी चेंडू लांब टोलवला असावा, एकदम गलका उठला आणि विरला. मागे चमच्यांची किणकिण चालली होती, ती थांबली.

"फ्तू, फ्तू, फ्तू."

अगदी हळू. फोतिनीने वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. दुकानातही त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"आता कोण आलं होतं, बाबा?"

"कोणी नाही," लेफ्तेरिस मान वर न करता म्हणाले आणि त्यांनी पुढचा नॅपकिन ओढला.

ती पुन्हा काउंटरकडे वळली. पुसून झालेल्या काचेवरूनच तिचं फडकं बराच वेळ फिरत राहिलं.