वरच्या घरातलं नाव

तिसऱ्या दिवशीही नव्या मशीनचा पंखा फिरेना. मशीन तापून बंद पडायचं. "सेन्सरचं सोल्डरिंगच कच्चं असणार," असं साहेबांना सांगून मी मोकळी झाले होते. आज संध्याकाळी सोल्डरिंगवाल्या काकांचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

डोळे चुरचुरत होते. देवाचं नाव घेऊन मी फर्मवेअरमधली, म्हणजे मशीन चालवणाऱ्या माझ्या प्रोग्राममधली, नावं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली. तिथली रीत घरासारखी असते. एखादं नाव आपल्या खोलीत सापडलं नाही, तर शोध आईबापांच्या घरात जातो, तिथेही नसलं तर आजोबांच्या. पंख्याच्या खोलीत, म्हणजे प्रोग्राममधल्या त्याच्या भागात, तापमानाचं नाव लिहायला मीच विसरले होते. म्हणून शोध गुपचूप वर गेला आणि मुख्य बोर्डावरच्या गार सेन्सरचं तेच नाव घेऊन आला. पंख्याला सगळं गारच दिसत होतं; तो बिचारा कशाला फिरेल?

काका हत्यारं डब्यात भरत होते.

"काका, तुमचं काम पक्कं होतं. चूक माझी."

"तीन दिवस डोकं खाल्लंस की गं माझं!"

"साहेबांकडे चला ना माझ्याबरोबर."

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मला हा डबा परत रिकामा करायचाय."