सुरावरचं मेण

आमच्या तात्यांचे पुढचे सहा दात काढले तेव्हा घरात सगळ्यात जास्त रडले ती मी. सासूबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तरी रोज ऊस मागनार न्हाईत."

तात्या म्हणजे माझे सासरे, रावजी. वय चौऱ्याहत्तर. शेळगावात त्यांना रावजी सनईवाले म्हणतात. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची बोटाच्या पेराएवढी पत्ती असते, ती ओठांत धरून फुंकायची. आता ओठांत धरायची म्हटलं तरी ओठांना मागून आधार दातांचाच. दात गेले की ओठ आत जातात आणि वारा वाट फुटेल तिकडं पळतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी रडले. बारामतीला आमच्या मंडळाचा पंचविसाव्या वर्षाचा कार्यक्रम फेब्रुवारीत होता आणि दात निघाले ते दिवाळी झाल्यावर. तात्यांनी त्या दिवशीच सांगून टाकलं, "वाजलं तर बसीन. न्हाय वाजलं तर सनई पेटीत, आन् पुन्हा कुनी काढायची न्हाय."

ते बोलले की बोलले. म्हणून मला भीती होती.

आमचं मंडळ चौघांचं. नाव 'सुषिर मंडळ'. सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, हे आमच्यातल्या बासरीवाल्या उत्कर्षानं सांगितल्यावर आम्हाला कळलं. गावात तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, त्यामुळे आम्ही 'फुंकरवाले' ते फुंकरवालेच.

त्याआधी तात्यांचा सनई-चौघड्याचा ताफा होता. मग लग्नात डीजे आले. चौघडेवाला ट्रॅक्टरवर गेला आणि सूर धरणारा चुलतभाऊ पुण्याला वॉचमन झाला. सूर म्हणजे दुसरी सनई. तिच्यावर गाणं वाजत नाही. एकच स्वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये श्वासाचाही खंड न पाडता धरायचा. सनई त्याच्या जिवावर हिंडून येते. सूर नसला की सनई रस्ता चुकल्यासारखी वाजते.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. चुलीपुढं बसले की फुंकणीतून जाळ फुंकता फुंकता त्यातच हूं हूं करत सूर काढायची मला खोड होती. एक दिवस तात्या दारात उभे.

"किती येळ फुकतीस गं एका दमात?"

मला वाटलं, धूर झाला म्हणून रागावले. मी फुंकणी मागं लपवली. त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि पाण्याचा पेला पुढं ठेवला. "ह्यात फुकायचं. नाकानं आत घ्यायचं, गालातनं भाईर सोडायचं. बुडबुडं थांबता कामा न्हाईत."

बुडबुडे न थांबायला मला तीन आठवडे लागले. त्यातला एक आठवडा नुसता ठसक्यात गेला. ह्याच्यापलीकडं मला कुणी काही शिकवलं नाही, बाकीचं मी कानानं उचललं. आमचे हे लोणी देवकरला कंपनीत शिफ्टला जातात. त्यांना साधी शिट्टी येत नाही. ते म्हणाले, "चांगलं झालं. घरचा वारा घरातच राहिला." गावातल्या बायका मात्र सासूबाईंना टोचायला यायच्या. "काय गं फुलाबाई, सुनंला वाजंत्रीत बसवली म्हनं?"

"बसवली. तुमच्या सुना बी वाजवत्यातच की, भांडी."

त्या दिवसापासून सासूबाईंशी भांडायचं झालं तरी मी जरा हळू भांडते.

पुढं सुयोग आला. इंदापूरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँड मोडला तसा खताच्या पिशवीत क्लॅरिनेट घालून थेट आमच्या ओट्यावर येऊन बसला. नंतर उत्कर्षा, बारामतीच्या शाळेत संगीत शिकवणारी. तात्यांकडून दोन राग घ्यायला बासरी घेऊन आली आणि राहिली ती राहिलीच. तिनंच डोक्यात घातलं, की नुसत्या फुंकवाद्यांची बैठक करायची. ढोल नाही, ताशा नाही, लोकांनी खाली बसून ऐकायचं. पहिला कार्यक्रम मोरगावला. अर्धा तास झाल्यावर एक जण उठून म्हणाला, "ते समदं खरं, पन ढोल कवा येनार?"

तात्या म्हणाले, "त्यो गेला. आता आमीच."

तिथून कोल्हापूर, सोलापूर, गोवा, एकदा तर दिल्लीही झाली. बोटं त्यांची तिघांची पळायची. मी आपली गाल फुगवून एका जागी. लोक घरी जाताना विचारतात, "ताई, तुम्ही काय करता?" मी म्हणते, "मी असते."

सुराचा एक रिवाज आहे. सूर आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या नंतर थांबतो. आणि सनईवाल्यानं सूर धरणाराकडं बघायचं नाही. बघितलं म्हणजे शंका घेतली. एवढ्या वर्षांत तात्यांनी मंचावर माझ्याकडं एकदाही बघितलेलं नाही. दुसरी बाई रुसली असती. मला त्याचा अभिमान आहे.

आता इथं एक गोष्ट कबूल करते, म्हणजे पुढचं कळेल.

दात काढायच्या दोन वर्षं आधीपासून ते हलत होते. ताठ पत्ती ओठांना झेपेना, म्हणून तात्या गुपचूप पत्त्या तासून मऊ करायला लागले. मऊ पत्तीनं सनई केसभर खाली बसते. सोलापूरच्या कार्यक्रमात मला पहिल्यांदा जाणवलं, की माझा सूर आणि त्यांची सनई एकमेकींना घासतायत. सूर मिळवायला त्याच्या भोकांवर मेण लावलेलं असतं. मेण वाढवलं की सूर उतरतो. मी दुसऱ्या दिवशी चिमटीभर मेण वाढवलं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. तात्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सनई त्याच दिवशी पेटीत गेली असती.

दात मात्र नशिबानं चांगल्या हातात पडले. इंदापूरच्या डॉक्टर पद्मा. जानेवारीत त्यांनी पहिली कवळी दिली. तात्यांनी घरी येऊन पेरू खाल्ला, दाणे खाल्ले, खुशीत सनई तोंडाला लावली. आवाज आला तो सायकलची हवा सोडल्यासारखा. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि दोन दिवस ती वाटी तशीच राहिली.

मीच डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला दाढा कळतात, सूर कळत नाही. त्यांना सनई घेऊनच पाठवा."

मग पंधरा दिवसांत पाच फेऱ्या झाल्या. तात्या खुर्चीत बसून फुंकायचे, डॉक्टर जबड्याला हात लावून कवळी कुठं उचलते ते बघायच्या, काढून आत घासायच्या, मागून थर चढवायच्या, पुन्हा फुंकायला लावायच्या. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे. एका मावशींनी तर आपली दाढ राहू दे, आधी ह्यांचं होऊ दे म्हणून नंबर सोडला. पाचव्या फेरीला सनई अशी काही लख्ख वाजली की डॉक्टरांनी हातमोजे घातलेल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा रडले. माझं हे असंच.

डॉक्टरांनी फीबरोबर एवढंच मागितलं, "कार्यक्रमाला मला पुढं बसायला मिळेल ना, काका?"

तात्यांनी घरी येऊन जुन्या पत्त्या फेकल्या, नव्या ताठ पत्त्या बांधल्या आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन एकटे रियाज करायला लागले. आमच्यात बसेनात. "त्या दिशीच बसीन. तवर तुमी तुमचं वाजवा." आम्ही तिघं आमचं वाजवत राहिलो. आणि मी, जिनं दोन वर्षं चिमटीचिमटीनं मेण चढवलं होतं, ती आनंदाच्या भरात ते मेण काढायचं साफ विसरले.

बारामतीच्या सभागृहात कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. साडेपाचला आतल्या खोलीत आम्ही चौघं पहिल्यांदा एकत्र बसलो. मी सूर धरला. तात्यांनी सनई लावली. एका क्षणात माझ्या अंगावर काटा आला, आणि तो चांगला काटा नव्हता. दोन भावजया एका मोरीवर भांडाव्यात तसा आवाज.

तात्या थांबले. "संजीवनी, सूर खाली हाय."

माझा अंगठा सुरावरच्या मेणावर गेला.

"सुयोग, तू दे बरं."

सुयोगनं क्लॅरिनेटवर षड्ज दिला. तोही खाली.

"मास्तरीनबाई?"

उत्कर्षानं बासरी ओठाला लावली. तीही खाली. बरोब्बर तेवढीच.

"तिगं बी?" तात्या एकेकाकडं बघायला लागले. "तिगं बी सारकीच खाली? असं कसं हुईल?"

तात्यांचे दात गेले होते, कान नव्हते गेले. सुयोग बुटांकडं बघत म्हणाला, "तात्या, रागावू नगा." त्यानं क्लॅरिनेटचा सांधा उघडून दाखवला. नळी ओढून बाहेर काढलेली आणि ती आत सरकू नये म्हणून दोरा आणि एसटीच्या तिकिटाचा कागद गुंडाळलेला. उत्कर्षा हळूच म्हणाली, "मी दुसरी बासरी करून घेतली होती. पहिलीपेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढी जास्त लांब. संजीवनीताईंचा सूर उतरलाय हे मला कळत होतं, पण विचारायचं कसं? विचारलं की ते मोठ्यानं बोलल्यासारखं झालं असतं."

"वैनी, मला बी कळत हुतं," सुयोग म्हणाला.

मला वाटत होतं मी एकटीच हुशार.

तात्या खुर्चीवर बसले. सनई मांडीवर आडवी. "मंजी दोन वर्सं म्या बेसूर वाजवलं. सोलापूर, गोवा, समदीकडं. आन् तुमी एकानं सांगितलं न्हाय." आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "जावा. तुमी तिगं जावा वाजवायला. मी बसत न्हाय."

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. पुढच्या रांगेत डॉक्टर पद्मा येऊन बसल्या असतील, हे मला न बघता दिसत होतं. मी सासऱ्यांसमोर कधी उलटून बोललेली नाही. त्या दिवशी बोलले.

"तुम्ही बेसूर नव्हता, तात्या. तुम्ही खाली उतरला, तसे आम्हीही उतरलो. सगळेच तिथं होतो. मग बेसूर कोण?"

तात्या सनईला दोऱ्यानं लटकवलेली सुई चाळवत राहिले, जिनं पत्तीचं तोंड मोकळं करतात ती. मग हात पुढं केला. "सूर आन हिकडं."

मी दिला. त्यांनी सुईनं मेण खरवडायला घेतलं. वरचा थर पिवळा, त्याखालचा काळपट, हाताच्या मळानं. तिसरा थर निघाला तो लालसर. तात्या थांबले. तो तुकडा बोटावर घेऊन नाकाशी नेला.

"ह्ये तर कुकवाचं मेन हाय."

सासूबाई अजून जुन्या पद्धतीनं कपाळाला आधी मेण लावतात, मग त्यावर कुंकू. त्यांच्या करंड्यातलं होतं ते.

"माझं मेण संपलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा त्यांनी दिलं."

"कशाला पायजे म्हून इच्चारलं आसंल की."

"विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, लाव, पन त्यास्नी सांगू नगंस."

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येतंय, पण ते हसत होते, आणि इतके हसले की कवळी सुटून बाहेर यायला लागली आणि त्यांनी ती अंगठ्यानं आत दाबली. "म्हातारीला बी म्हाईत! तिला सा का प कळत न्हाय, आन् तिला बी म्हाईत!"

मग घाई झाली. सुयोगनं दोरा, तिकिटाचा कागद सगळं ओढून काढलं आणि नळी आत ठोकली. उत्कर्षानं पिशवीतून जुनी बासरी काढली. तात्यांनी विचारलं, "ही आनलीस कशी?"

"दोन वर्षं रोज बरोबर ठेवलीय," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा वर याल म्हणून."

सूर तात्यांनी स्वतः मिळवून दिला. खरवडलेल्या मेणाची त्यांनी हरभऱ्याएवढी गोळी केली आणि रुमालाच्या टोकात बांधली.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी सूर धरला. पडदा उघडला. डॉक्टर पद्मा पुढच्याच रांगेत होत्या, आणि स्वतःचाच जबडा धरून बसल्या होत्या. तात्यांनी सनई उचलली. एवढं सगळं झाल्यावर, निदान एकदा माझ्याकडं बघतील, सूर ठीक आहे ना म्हणून चाचपतील, असं मला वाटलं. मी बघत होते त्यांच्याकडं.

त्यांनी बघितलं नाही. समोर बघितलं, डोळे मिटले आणि सनई सरळ माझ्या सुरावर येऊन बसली.

पुढचा दीड तास मला फारसा आठवत नाही. नाकानं आत, गालातून बाहेर. शेवटी क्लॅरिनेट थांबलं, बासरी थांबली, सनई थांबली. रिवाजाप्रमाणे मी एकटी उरले, आणि मला थांबावंसं वाटेना. दहा बुडबुडे जास्तच फुंकले असतील. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आरशापुढं बसल्या होत्या. तात्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि ती गोळी त्यांच्या करंड्याशेजारी ठेवली.

"हे तुजं हुतं माज्याकडं."

सासूबाईंनी आरशातूनच गोळीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. कपाळावरचं बोट काही थांबलं नाही.

"वाजलं का?"

"वाजलं."

"मंग ऊस मागू नगा," त्या म्हणाल्या, आणि गोळी उचलून करंड्यात टाकली.