कुवाबारांची आवड

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. जपानमधल्या मोरिओका शहरात, नदीकाठच्या एका कॉफीच्या दुकानात माझे आयुष्य गेले. कारखान्यातून निघताना वाटले होते, आपल्याभोवती लोक नाचतील. इथे तर कोणी बोलतही नसे! मित्रांनो, कॉफी मागवायची, एक तबकडी सुचवायची आणि मुकाट्याने ऐकायचे, अशी इथली रीत. एकाला एकच बाजू, मग पुढच्याची पाळी. जो तो पहिलीच बाजू मागे.

मालक कुवाबारा रोज मऊ ब्रशने माझी सुई साफ करत. गिऱ्हाइके जाताना माझ्या आवाजाची तारीफ करत, तेव्हा ते मान खाली घालून कप पुसत राहत. स्वतःची आवड त्यांनी कधीच कोणाला सांगितली नाही. मालकाने मध्ये पडू नये, असे ते मानत.

ते गेले आणि दार बंद झाले. माझ्यावर धूळ साचली. मग त्यांची मुलगी मिनाए येऊ लागली. पहिल्या स्मृतिदिनाला बाबांची आवडती तबकडी लावायची, असे तिच्या मनात होते. पण ती कोणती? वर्षभर, नोकरीवरून परतताना, ती रोज एक तबकडी ऐके. तीही पहिलीच बाजू. याच दुकानात वाढलेली ना! आज हिचा हात कुठे जाईल, याचे मला भारी कुतूहल वाटे. उत्तर मला ठाऊक होते. पण लोक जे लावतील, तेवढेच आम्हाला बोलता येते.

स्मृतिदिन जवळ आला, तेव्हा तिने सर्वांत झिजलेली तबकडी लावली. शेजारचे म्हातारे न्हावी इनोमाता ऐकायला आले होते. ते खो खो हसले.

"अगं पोरी, ही तर माझी आवडती! ही लागली की तुझा बाप भांडी घासायला आत पळायचा."

"मग त्यांची कोणती, काका?"

"मला काय विचारतेस? बाप तुझा!"

मिनाएने सुई बाजूला केली. तबकडी उचलताना तिने ती उलटून पाहिली. मागची बाजू नवी कोरी, चकचकीत.

"काका, दुसरी बाजू कोण मागायचं?"

"कोण मागणार? एका कॉफीत एकच बाजू."

मग ती एकेक तबकडी उजेडात तिरकी धरून पाहू लागली. सगळ्यांच्या मागच्या बाजू अशाच कोऱ्या. एकीची मात्र पार भुरकट झाली होती. दुकान उघडण्याआधी, मला तापवण्याच्या निमित्ताने, कुवाबारा तीच लावून बसत.

मिनाएने सुई टेकवली. खरखरीतून एकट्या पियानोचे सूर आले.

"लबाड!" इनोमाता पुटपुटले. "इतकी वर्षं समोर बसलो, आणि हे एकट्यानंच ऐकत होता."

मिनाए हसली आणि तिने तोंड फिरवले.

स्मृतिदिनाला तीच बाजू लागली. मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसत जा, सुई जपा. पण घरात सगळ्यांच्या आवडीचे करणारे जे माणूस असते ना, त्यालाही कधीतरी हाताला धरून बसवा आणि विचारा, "आज तुमच्यासाठी काय लावू?"