लाल शाईतलं नाव

काळं हेड बंद पडलं नव्हतं. बंद केलं होतं. हा फरक आधी समजून घ्या, मग मला भांडकुदळ म्हणा.

आमच्या इन्ह्यन-दोंगच्या छापखान्यांच्या गल्लीत मी कापडी बॅनर छापते. सकाळी मशीनच्या पडद्यावर अक्षरं आली : काळ्या हेडची मुदत संपली, नवीन बसवा. हेड म्हणजे शाई उडवणारा भाग. मी ते काढून पाहिलं. शाईचं एकही छिद्र, म्हणजे नोझल, तुंबलेलं नव्हतं. पण कंपनीनं आत चिप ठेवलीय, ती किती छापलं ते मोजते आणि कुलूप लावते. मशीन माझं, कुलूप त्यांचं.

आणि समोर प्यो मावशी उभ्या. मुलगा क्यू-सोंग कारखान्यात यंत्रात सापडला, अतिदक्षता विभागात आहे. कारखानेवाले म्हणतात, त्याचीच चूक. आज तिथे मोठे साहेब येणार, त्यांच्या गाडीपुढे मावशींना बॅनर धरायचा होता. "प्यो क्यू-सोंगला न्याय द्या." एवढंच.

फोन केला तेव्हा मशीनच्या कंपनीचा दुरुस्तीवाला योम आला. कडक इस्त्रीचा शर्ट.

"मालकीणबाई, नवीन हेड मागवा. पुढच्या आठवड्यात येईल."

"हे धडधाकट आहे. कुलूप काढ."

"परवानगी नाही. वरून ठरतं."

"वर कोण बसलाय, देव?"

"चिडता काय! लाल चालवू. मोर्च्याचंच आहे ना? घोषणा लालच असतात."

मी कापडाचा गठ्ठा आणायला वळले, तेवढ्यात यानं काळ्याऐवजी लाल लावून बटण दाबलंसुद्धा. मजकूर वाचला नाही मेल्यानं.

हेड सरसर फिरलं. कापड बाहेर आलं. घोषणा लाल असते, खरं आहे. पण नाव? आमच्याकडे लाल शाईत नाव मेलेल्याचं असतं.

मावशींनी त्या अक्षरांवर दोन्ही हात ठेवले. झाकायला. तळवे लाल झाले.

"माझा पोरगा श्वास घेतोय रे अजून."

योमचं तोंड उतरलं. "मशीननं... माझ्या लक्षात..."

"बटण मशीननं दाबलं?"

मी कॉम्प्युटरला बसले. त्याच्या गळ्यातल्या कार्डावरून टाइप केलं : योम दो-ह्यान. कापडभर मोठं. लाल.

"गल्लीच्या तोंडाशी लावते. मला वरून परवानगी लागत नाही."

"मालकीणबाई, नको! घरी आई आहे माझी!"

"ही कोण उभी आहे मग?"

मी छापायला सोडलं. नावाची पहिली लाल रेघ उमटली आणि योमनं झडप घालून मशीन थांबवलं. स्वतःचा लॅपटॉप जोडला, काहीतरी बडवलं. काळं हेड उघडलं. तेच हेड, तीच शाई. म्हणजे 'वर' कुणी नव्हतंच. होतं ते ह्याच्या बोटांत होतं, आणि मावशी सकाळपासून उभ्या होत्या.

काळ्या अक्षरांचा बॅनर निघाला, एकही रेघ तुटली नाही. शाई ओली, गुंडाळता येईना. मावशींना कारखान्यापर्यंत न्यायला बाहेर कागद वाहणारी तीनचाकी मी थांबवून ठेवली होती; ओला बॅनर दोघांनी ताणून धरूनच न्यावा लागणार होता. योम बॅग उचलून सटकायला लागला.

"दुसरं टोक धर," मावशी म्हणाल्या.

"आजी, मला दुसरीकडे जायचंय. आणि शर्टाला शाई लागेल."

"लागू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, आणि हलणार नव्हते. त्यानं टोक धरलं.