तिकीट नंबर चारशे सतरा

सरकारच्या कामगार खात्यात कायदा अधिकारी म्हणून अरुंधती खांबेटेंना बारा वर्षं झाली होती. कामगारांच्या आजारपणाचे कागद कुणी पाहायचे आणि कुणी नाही, हा त्यांचा विषय. घरी भाजी काय केली तेसुद्धा बाई सांगत नसतील, असं लोक मागून हसायचे. बाईंना त्याचं काही वाटत नसे.

१९७८च्या मार्चात चिंचवडला कारखान्यांच्या टाइम ऑफिसमधल्या, हजेरी मांडणाऱ्या चाळीस कारकुनांचं प्रशिक्षण त्यांच्याकडे आलं. नुसती कलमं वाचली की माणसं पेंगतात, म्हणून बाईंनी एक खरी केस निवडली. भीमराज नावाच्या एका कामगाराची. दोन वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता. "माझ्या लेकीचं, मंजूचं लगीन व्हायचंय, बाई. ह्यातला चकार शब्द भाईर जाऊ देऊ नका," म्हणत तो रडला होता, आणि बाईंनी शब्द दिला होता. कंपनीच्या डॉक्टरकडचे कागद त्यांनी सीलबंद करवले. भीमराज खडखडीत बरा होऊन कामावर परतला. बाईंना या केसचा फार अभिमान, आणि तिथंच माशी शिंकली.

प्रती काढायच्या स्टेन्सिलसाठी मजकूर करताना त्यांनी नाव गाळलं, गाव गाळलं, कंपनी गाळली. राहिला तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा हजेरीपटावरचा आकडा, आणि गैरहजेरीचे महिने. आकड्यावरून कुणाला काय कळणार, ही शिकल्यासवरल्या माणसाची समजूत. कारखान्यात आईबापांनी ठेवलेलं नाव घरीच राहतं. गेटपासून कँटीनपर्यंत हाक मारायची ती नंबरानं. एवढी साधी गोष्ट बाईंना बारा वर्षांत कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांनीही विचारली नव्हती.

कागद वाटून झाले. तिसऱ्या रांगेतले थेरगावचे मारुतराव चष्मा वर सरकवत म्हणाले, "बाई, ह्यो चारशे सतरा म्हंजी आमचा भीमराज न्हवं?"

बाईंच्या हातातला खडू पडला. "छे, नंबर असाच घातलाय."

"आन् श्रावणापास्नं पाच म्हैने गैरहजर? हजेरी मीच मांडली की त्याची. आई आजारी हाय म्हनत हुता." मारुतरावांनी कागदाची घडी केली. "माझा व्याही हुणार हाय त्यो. परवाच सुपारी फोडली आमी."

बाईंनी घाईनं सगळे कागद परत मागितले. चाळीस वाटले होते, एकोणचाळीस आले.

सोमवारी कचेरी उघडते न उघडते तोच भीमराज दारात. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"लगीन मोडलं, बाई. माजं दुखणं कुनीतरी फोडलं. कुनी ते मारुतराव सांगत न्हाईत. पर तुमी हायसा. त्याला सोडायचं न्हाई."

बाईंनी सवयीनं तक्रारीचा छापील अर्ज पुढे ओढला. त्याचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. 'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यापाशी पेन अडलं. मग त्यांनी तो रकाना भरला आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

भीमराजनं एकेक अक्षर लावून वाचलं. मग मान हलवली.

"ही अरुंधती खांबेटे कोन, बाई? मी तर हिला वळखत बी न्हाई."

"मी," बाई म्हणाल्या.