तिने फाडलेला माझा आकडा

मित्रांनो, माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, तो शेवटचा दिवस म्हणजे एक साधा मंगळवार. एका सुताराच्या मानेतल्या गाठीत मी शिरले, तीस ठिकाणी थांबले आणि यंत्राला तीस आकडे सांगितले. मला चालवणाऱ्या ताईने ते कागदावर उतरवले. डॉक्टरांनी कागद पाहून उपचार ठरवले. बस्स, इतकंच.

मी एक जुनी सुई आहे. कॅन्सरच्या गाठीतला ऑक्सिजन मोजते. माझ्या पोटात केसाहून बारीक सोन्याची तार आहे. एका कारागिराने ती भिंगाखाली, श्वास रोखून बसवली. गाठीचे काही भाग ऑक्सिजनवाचून गुदमरलेले असतात, आणि नेमके तेच किरणांना दाद देत नाहीत. म्हणून माझा आकडा फार खाली आला, की डॉक्टर किरणांच्या जोडीला एक गोळी देत. तिने मळमळायचं फार, पण मग त्या भागांवरही किरणांची मात्रा थोडी चाले.

बारा वर्षं मी ताईच्या हातात होते. रोज सकाळी ती मला दोन भांड्यांत बुडवी. एकात साधं पाणी, दुसऱ्यात ऑक्सिजन काढून टाकलेलं. दुसऱ्यात मी शून्य सांगितलं, की म्हणायची, "शहाणी गं माझी बाय!" हे केल्याशिवाय तिने मला कुणाच्या अंगाला लावलं नाही.

बुधवारी तिचे वडील आले. गाठ त्यांच्याही मानेत होती. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायला ते तयार होईनात.

"ठमे, विहीर खणतेस की काय? पाणी लागलं तर सांग हो."

"बाबा, बोलू नका ना. मान हलते."

"लहानपणी इंजेक्शनला तुला मीच घट्ट धरायचो. त्याचा सूड होय हा?"

ताई हसली. मग तिने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. दोन. एक. एक. शून्य. एक.

"काय आलं गं?"

"काही नाही. सुई जुनी झालीय."

त्याच सकाळी मी शून्याच्या पाण्यात शून्य सांगितलं होतं. तिने मला शहाणीही म्हटलं होतं. तरी तिने मला बाजूला ठेवलं आणि कालच आलेल्या नव्या सुईचं पाकीट फोडलं. तिला भांडी दाखवलीच नाहीत. नवी म्हणाली, अकरा; म्हणजे गोळीची गरज नाही. ताईने माझा कागद फाडून एप्रनच्या खिशात कोंबला.

"जुनीने मोजलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती बिघडलीय, सर."

मला 'बाद' अशी चिठ्ठी लावून खणात टाकलं. तिथून ऐकू सगळं येई. दुसऱ्या सकाळी नवी सुई शून्याच्या पाण्यात दहा म्हणाली. ताईने तीनदा बुडवून पाहिलं आणि ती मुकाट्याने कंपनीकडे परत पाठवली. तेव्हा अजून वेळ होता. पण बाहेरच्या बाकावर बाबा शेजाऱ्याला सांगत होते, "अकरा आलाय माझा, अकरा! मुलीनं मोजलाय." परीक्षेत पहिले आल्यासारखे. दारापर्यंत गेलेल्या ताईने ते ऐकलं आणि ती आत वळली.

गोळीशिवाय सहा आठवडे किरण झाले. गाठ बसली, आणि परत आली. वर्ष उलटायच्या आत ताई एकदा पंधरा दिवस आली नाही.

आल्या सकाळी तिने खण उघडला. चिठ्ठी सोलून मला शून्याच्या पाण्यात बुडवलं. रागाने वाटलं, आज आपणही खोटं सांगावं. पण मला ते येत नाही. मी शून्य सांगितलं.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना पुसून, डबीत घालून नीट ठेवाच. पण आम्ही नको तो आकडा सांगितला, तर आमच्यावर बिघाडाचा आळ घेऊ नका. गोळीने बाबा वाचले असते का, ते मला मोजता येत नाही. पण ती त्यांना मिळायला हवी होती.

डॉक्टर आत आले. "ताई, इतक्या लवकर कशाला आलात कामावर?"

ताई उठून उभी राहिली. तिने मला त्यांच्यासमोर धरलं.

"सर, ही बिघडली नव्हती. बाबांचा आकडा एक आला होता. मला तो बघवला नाही, म्हणून मी फाडला. दुसऱ्या दिवशी चूक कळली, तरी गप्प बसले. बाबांनासुद्धा सांगितलं नाही."